चादर धरणारी माणसं

पुण्याहून आलेल्या मेसेजमध्ये शनिवार म्हटलं होतं. शनिवारपर्यंत दहा फोटो, मोठ्या आकारात स्कॅन केलेले, आणि सोबत मावशीची थोडी माहिती. मेसेज सोमवारी आला. फोटो माझ्या लॅपटॉपमध्ये तयार होते. त्या फोटोंतल्या एकाही बाईला मात्र आम्ही विचारलं नव्हतं.

मावशी ही माझी नात्यातली मावशी नव्हे. दिग्रसला बसस्टँडमागच्या गल्लीत राहणारी, साठी उलटलेली बाई. तिच्या नवऱ्याचा तिथे फोटो स्टुडिओ होता. नवरा गेला, स्टुडिओचं शटर मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्याने दिलं, आणि मागच्या दोन खोल्यांत ती राहते. मी तिला शोधत गेले त्याआधी तिला फोटोग्राफर म्हणून कोणी ओळखत नव्हतं. ती स्वतःही नाही.

फोटोग्राफर शोधणं हा माझा छंद आहे. मी इंग्रजीतून शिकले, आधी यवतमाळच्या होस्टेलला, मग पुण्याच्या कॉलेजात. तिथल्या काही मुलामुलींनी मिळून एक वेबसाइट सुरू केली आहे. ज्यांचं काम चांगलं आहे पण कुणी बघितलं नाही अशा छायाचित्रकारांना ते पुढे आणतात. मी त्यांच्या फोटोंखाली चार-पाच ओळी लिहून देते. माझ्यासारखीला हे काम बरं. बघायचं भरपूर, बोलायचं कुणाशी नाही. या निमित्ताने मी खूप काम पाहिलं. कुण्या नर्सने ड्यूटी संपल्यावर काढलेल्या रिकाम्या वॉर्डांचे फोटो, कुण्या कारकुनाने आयुष्यभर एकाच खिडकीतून काढलेला रस्ता. सगळी माणसं दूरची. आपल्या जिल्ह्यात असं कोणी असेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

मग दिवाळीला घरी आले असताना आईने कसलंसं कागदपत्र शोधायला लोखंडी पेटी उघडली आणि तळातून तिचा एक जुना फोटो निघाला. काळा-पांढरा. आई नवी नवरी होती तेव्हाचा. ती एका पालथ्या पिंपावर बसली आहे, डोकं उघडं, डोळे जरा जास्तच मोठे केलेले. मागे पांढरी चादर. चादरीच्या एका टोकाला नुसती बोटं आणि कोपरापर्यंतच्या बांगड्या दिसतात. दुसऱ्या टोकाला शेजारीण उभी आहे. तिच्या कडेवर बाळ, म्हणून तिने चादरीचं टोक दातात धरलं आहे. चादर संपते तिथून तांडा सुरू होतो. भिंत, वाळत घातलेल्या मिरच्या, एक कोंबडा.

आमचा तांडा दिग्रसपासून जवळच आहे. आमचे पूर्वज बैलांवर माल लादून फिरायचे, आता सगळे कापूस, सोयाबीन, तूर लावतात. वडील शिक्षक, म्हणून आम्ही दिग्रसला राहायला आलो. मला आमची बंजाऱ्यांची गोर बोली समजते, पण उत्तर मी मराठीत देते. त्यावरून तांड्यात मला खूप ऐकावं लागतं.

"हा कोणी काढला?" मी विचारलं.

"फोटोवालीनं," आई म्हणाली.

"बाईने?"

"मंग? बाप्यापुढं कोन डोकं उघडं करन? तवा साऱ्या सरकारी कागदायले फोटो लागे. कान दिसले पाहिजे, कपाळ दिसलं पाहिजे. फोटोवाला बाहेर मानसायपाशी बसे, अन् त्याची बायको आमचे काढे."

"कागदावर तर नुसता चेहरा असतो."

"तोंडच कापून देत. हा एक चुकून पुरा निंघाला, म्हणून माह्याकडं राह्यला."

मी तो फोटो घेऊन मावशीकडे गेले. तिने दार अर्धंच उघडलं. "स्टुडिओ बंद हाय," म्हणाली. मी फोटो पुढे केला. तिने तो उजेडात नेला आणि बराच वेळ परत दिला नाही.

"हे तुह्याकडं कसं?"

अशा शेकडो फ्रेम तिच्याकडे बिस्किटांच्या डब्यांत होत्या. बटरपेपरमध्ये गुंडाळलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या. काहींवर बुरशी चढली होती, पण बऱ्याच शाबूत. आसपासच्या तांड्यांतल्या, वाड्यांतल्या बायका. प्रत्येक फ्रेममध्ये एक बाई बसलेली, मागे चादर, आणि चादर धरणारी माणसं. कुणी हसतंय, कुणी वैतागलंय, कुणी चादरीवरून वाकून पाहतंय. प्रिंट करताना मावशी एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, फक्त चेहऱ्याचा चौकोन घ्यायची. बाकी सगळं फिल्ममध्येच राहायचं.

"तुम्ही इतक्या लांब का उभ्या राहायच्या?" मी विचारलं.

"माहा नवराबी हेच म्हणे. जवळ जाय, जवळ जाय. मी सांगो, जवळून नाक मोठं येते." ती हसली. "खोटं बोलो मी. जवळ गेली तर ते चादरवाल्या कुठून दिसतीन?"

मावशी गरीब स्वभावाची नाही. तिला आपलं काम चांगलं आहे हे पक्कं ठाऊक होतं, फक्त सांगायला माणूस नव्हतं. मी स्कॅन करायला बसायचे आणि ती भिंग डोळ्याला लावून एकेक पट्टी बघायची. "हे पाय. हे पाय कशी आली." मी नुसतं हं म्हटलं की चिडायची. "हं काय? काय चांगलं हाय ते सांग."

मी वेबसाइटवाल्यांना काही फोटो लहान आकारात पाठवले. त्यांच्यातला एकजण आता पुण्यात प्रदर्शनं मांडतो. त्याचा फोन आला तेव्हा मी मावशीकडेच होते, म्हणून स्पीकर लावला. तो म्हणाला की एक पूर्ण भिंत तो मावशीला देईल. दहा फोटो. आणि त्यातला एक मधोमध, मोठा. निमंत्रणावरही तोच.

"माह्या नावाची भिंत?" मावशीने मला विचारलं. "दुकानाच्या नावाची नाई?"

"तुमच्या नावाची."

तिच्या नवऱ्याने प्रत्येक फोटोच्या पाठीमागे ठसा मारलेला असायचा. दुकानाचं नाव, खाली त्याचं नाव. मावशीने त्या दिवशी मला चहा दोनदा करून पाजला.

जो फोटो त्याने मधोमध निवडला, तो माझ्या काकीचा होता. वडिलांच्या चुलत भावाची बायको. तिचे सासरे आमच्या तांड्याचे नायक होते. त्यांच्या शब्दावर तांडा चालायचा. आमच्याकडे सून सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही. त्या काळी तर समोरून जायचीही नाही. फोटोच्या दिवशी माणसं शेतात, सासू आजारी, आणि चादरीचं एक टोक धरायला जाऊ होती, दुसरं धरायला कोणी नाही. वारं सुटलं होतं. फोटोवाले परत कधी येतील याचा नेम नव्हता. तेव्हा नायक स्वतः आले आणि त्यांनी टोक धरलं.

फोटोत काकी डोकं उघडं करून पिंपावर बसली आहे. नजर खाली. डावीकडे जाऊ, ओठ दाबून हसू आवरत असलेली. आणि उजवीकडे नायक. हात लांब करून चादर धरली आहे आणि मान इतकी फिरवली आहे की गळ्याच्या शिरा ताणल्या आहेत. पूर्ण शरीर फोटोत, आणि तोंड तांड्याच्या बाहेर, शेताकडे.

"हा मी थांबून काढला," मावशी म्हणायची. "दोनदा त्यानं मान हलवली. मी बटन दाबलंच नाई. फिरवू दे म्हटलं पुरी."

मी स्कॅन करताना हा फोटो पहिल्यांदा स्क्रीनवर आला तेव्हा उठून पाणी पिऊन आले होते. इतकं चांगलं काही मी प्रत्यक्ष कधी हाताळलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले.

"विचारलं त्यायले?"

"कुणाला?"

"कोनाले म्हणजे? ज्यायचे फोटो हाय त्यायले. आमाले तिनं सांगतलं होतं, फक्त तोंड येते. म्हणून बसलो आम्ही."

पुण्याच्या माणसाचं म्हणणं होतं की परवानगीची गरज नाही, फोटो स्टुडिओचे आहेत. हे मी आईला सांगितलं नाही.

"माह्याचा लाव," आई म्हणाली. "पन बाकीच्यायले विचारल्याबिगर लावला तर मले तांड्यात तोंड दाखवाले जागा नाई राहत."

मावशीला हे सांगणं जास्त अवघड गेलं. ती भिंग पुसत बसली. मग म्हणाली, "विचारलं तर नाई म्हणतीन."

"आणि नाही विचारलं तर?"

"तू लय शहाणी," ती म्हणाली, पण साडी बदलायला आत गेली.

मंगळवारी आम्ही तांड्यावर गेलो, दहाही फोटो तिथलेच होते. मी लहान प्रिंट काढून पाकिटात ठेवल्या होत्या. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे घरी म्हाताऱ्या बायका आणि दुपारची भाकर न्यायला आलेल्या तेवढ्या. तासाभरात मंदिरापुढच्या ओट्यावर गर्दी जमली. मला वाटलं होतं कुणीतरी चिडेल. प्रिंट हातोहात फिरायला लागल्या आणि नुसता हसण्याचा कल्लोळ उठला.

"हे पाय, हे दात पाय इचे! आता एक तरी उरला काय?"

"अन् तू? चादर धरली का झोपली होती?"

"हा बकरा आमचा. पुसदच्या बाजारात इकला."

"फोटोवाली बाई, हे तवाच काहून नाई देल्लं?"

मावशी ओट्यावर मधोमध बसली होती आणि प्रत्येकीला आपली प्रिंट कुठे बघायची ते सांगत होती. कधी नव्हे ते ती खूश दिसत होती. मी पुण्याचं सांगितलं, मला जमेल तसं. एक म्हातारी म्हणाली, "हे इंग्रजी पोरगी मराठी बोलून राह्यली का वाचून राह्यली?" पुन्हा हशा. पण नकार कुणीच दिला नाही. ज्या बायका आता हयात नाहीत त्यांच्या लेकी-सुनांनीही हो म्हटलं. दहातल्या आठ फोटोंना होकार मिळाला, नववा, आईचा, होताच. काकी तेवढी शेतात होती.

मला तेव्हाच परत फिरावंसं वाटत होतं. मावशी म्हणाली, "चाल. आता एकच राह्यली."

काकी कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात होती. कमरेला बांधलेल्या जुन्या लुगड्याच्या झोळीत कापूस भरत पुढे पुढे सरकत होती. दोन्ही हात एकाच वेळी चालतात त्या बायकांचे. आम्ही शेजारच्या तासातून तिच्यामागे गेलो. मावशीची साडी पऱ्हाटीच्या काटक्यांना अडकत होती.

"कवा आली वं? माय बरी हाय?" काकीने मला विचारलं.

"बरी आहे."

"अन् हे कोन?"

"फोटोवाली," मावशी म्हणाली. "वळखलं नाई काय?"

काकीने नीट पाहिलं. "जाड झाल्या बाई तुम्ही."

"तुम्ही तरी कुठं कोवळ्या राह्यल्या?"

दोघी हसल्या. मी प्रिंट पुढे केली. काकीने हात लुगड्याला पुसला, फोटो लांब धरला, मग जवळ आणला. चष्मा नव्हता.

"हे मी व्हय." मग बोट सरकलं. "हे जाऊ. अन् हे..."

तिला कळलं होतं. तिने फोटो पालथा करून माझ्या हातात दिला आणि पुढचं बोंड धरलं.

"तुम्ही म्हणाल्या होत्या, फक्त तोंड येते," ती मावशीकडे न बघता म्हणाली.

"कागदावर तोंडच आलं ना."

"मंग हे कुठून आलं?"

"ते फिल्ममधे राहते."

"म्हणजे इतकी वर्सं तुमच्या घरात होतं."

काकी वेचत होती आणि आम्ही दोघी तिच्यामागे सरकत होतो. बोलायचं काम माझं होतं. वाक्यं मी बसमध्ये तयार केली होती.

"काकी, पुण्याला प्रदर्शन आहे. मोठी माणसं येतात बघायला. त्यांना हा फोटो फार आवडला."

"काय आवडलं?"

माझ्याकडे याचं उत्तर होतं, पण ते मी इंग्रजीत लिहिलं होतं. कपाशीत उभं राहून त्यातला एक शब्द मला मराठीत सापडेना.

"सासरा बाजूले उभा अन् सून डोकं उघडं टाकून बसली, हे पाहतीन ना ते?"

"ते लोक तसं नाही बघणार."

"मंग कसं पाहतीन, सांग."

मावशीने माझ्याकडे पाहिलं, बोल ना, अशा नजरेने. मी प्रिंट पाकिटात घातली.

"नाई, बेटी," काकी म्हणाली. "बाकीच्यायचं त्या पाहून घेतीन. हा नाई." आणि दोन पावलं पुढे जाऊन, "त्याची ते काळी पट्टी असते ना? तेबी मले पाहिजे."

परतीच्या बसमध्ये मावशी खिडकीशी बसली. मग एकदम म्हणाली, "तिले काय समजते त्यातलं?"

ती माझी काकी होती. मी पुढच्या सीटच्या पत्र्याकडे बघत राहिले. मावशीच्याही लक्षात आलं असावं, पण ती थांबली नाही.

"पाठवून दे तू. पुण्यात कोन वळखते तिले?"

"निमंत्रणावर फोटो असणार. ते मोबाइलवर फिरेल. तांड्यात सगळ्यांकडे मोबाइल आहेत."

"तुह्या मायले तांड्यात जाणं हाय म्हणून भेते तू."

"हो," मी म्हटलं. "आणि काकीने नाही म्हटलंय."

"माह्या नावाची भिंत हाय वं ते." तिचा आवाज चढला. पुढच्या सीटवरच्या माणसाने वळून पाहिलं. "सारी जिंदगी मी काढले अन् ठसा त्याचा. तो फोटो नसला तर ते देतीन काय भिंत? सांग. देतीन?"

मला उत्तर माहीत होतं. पुण्याच्या माणसाने त्या एका फोटोभोवती सगळं रचलं होतं. "माहीत नाही," मी म्हटलं. दिग्रसला मावशी माझ्यासाठी न थांबता उतरून गेली.

बुधवारी मी तिच्याकडे गेले नाही. पुण्याहून फोन आला. मी अडचण सांगितली. तो चांगला माणूस आहे, ओरडला वगैरे नाही. "चेहरा ब्लर करू," म्हणाला. "किंवा फक्त आजोबांची बाजू क्रॉप करून घेऊ." मग जरा थांबून, "हे बघ, फाइल तुझ्याकडे आहे. तू पाठवलीस तर बाकीचं मी बघतो. शनिवारी छपाईला जायचंय."

मी म्हटलं, सांगते. दिवसभर ती फाइल उघडून बसले. पाठवायला एक बटण दाबायचं होतं. मावशीला हवी ती भिंत मिळाली असती, आणि ते माझ्यामुळे झालं असतं हेही मला दिसत होतं. आई स्वयंपाकघरातून येता-जाता माझ्याकडे बघायची आणि काही विचारायची नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवारी सकाळी मावशीचा फोन. "ये. ते आली हाय."

काकी जिनिंग कारखान्यात कापूस घेऊन निघालेल्या गाडीत बसून दिग्रसला आली होती. मावशीच्या दिवाणाच्या कडेवर बसली होती. केसांत कापसाचे तंतू, समोर चहा, न प्यालेला. मी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावूनच गेले होते.

"पट्टी सापडून नाई राह्यली," मावशी मला म्हणाली. डोळे मात्र दुसरीकडे.

डबा टीव्हीखालच्या फळीवर होता. मला तो दारातूनच दिसत होता. काकीच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर.

"मी बसते," काकी म्हणाली. "गाडी खाली व्हाले वेळ हाय."

आम्ही तिघी तशाच बसलो. पुढच्या दुकानातून मोबाइलच्या रिंगटोन एकामागून एक वाजत होत्या. काही वेळाने मावशी उगाच आत गेली. काकी लगेच माझ्याकडे सरकली.

"तू हे कम्प्युटरवर मोठं केलं म्हणे?"

"हो."

"कितीक मोठं?"

"हवं तेवढं होतं."

"मंग मले एक सांग." तिने आतल्या दाराकडे पाहिलं. "त्यायचे डोळे?"

मी काही बोलायच्या आत ती सांगायला लागली, हळू आवाजात, आमच्या बोलीत. फोटो झाल्यावर नायक तिला म्हणाले होते, बेटी, मी काही पाहिलं नाही. ते खोटं बोलणारे नव्हते. पण जाऊ सोबत होती. ती पुढे कित्येक वर्षं हसायची. बुढ्याचा एक डोळा उघडा होता, म्हणायची. लग्नात, सणात, पाणवठ्यावर, चारचौघींत. मेली तोवर हसली. काकीने कुणाला विचारावं? सासऱ्याला विचारता येत नाही आणि तांड्यातलं दुसरं कोणी तिथे नव्हतं.

"शेतात दिसलं नाई मले. लहान होता तो."

मी लॅपटॉप उघडला. फोटो आणला, उजवी बाजू मोठी केली, अजून मोठी. स्क्रीनवर नायकांच्या चेहऱ्याची कड आली. गालाचं हाड, कानामागे खोचलेलं काहीतरी, आणि डोळा. मिटलेला. इतका घट्ट की पापणीभोवतीचं सगळं कातडं एका जागी गोळा झालं होतं.

स्क्रीन तिच्याकडे वळवली. ती पुढे वाकली. आणि बघता बघता तिचा हात वर गेला आणि तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, कपाळ झाकेपर्यंत. पदराच्या आतून ती त्यांच्याकडे बघत राहिली.

मावशी दारात उभी होती. किती वेळ, ते मला माहीत नाही.

"बंद हाय," काकी म्हणाली. कुणाला उद्देशून नाही.

"मान तर पुरी फिरवलीच होती त्यायनं," मावशी म्हणाली. मग तिने शेवटचा प्रयत्न केला, जरा मऊ आवाजात. "आता पाह्यलं ना डोळ्यानं? त्यायनं काई पाप केलं नाई. मंग लोकायनं पाह्यलं तर काय बिघडलं?"

"मंग त्यायले तसंच राहू द्या ना, बाई," काकी म्हणाली. पदर तिने मागे घेतला नव्हता.

मावशी उभीच राहिली. तिची नजर स्क्रीनवरून काकीच्या पदरावर गेली आणि तिथेच थांबली. तिने काकीला त्या दिवशी कॅमेऱ्यातून पाहिलं होतं, डोकं उघडं असताना. मग ती वाकली, फळीवरून डबा काढला, आणि न शोधता तिसरी पुडी उघडली.

पट्टीवर सहा फ्रेम होत्या. आजूबाजूच्या फ्रेम प्रदर्शनात जाणाऱ्या बायकांच्या होत्या, त्यामुळे दोन फ्रेममधल्या रिकाम्या बारीक जागेतून कापायला हवं होतं. मावशीने चष्मा लावला, पट्टी उजेडाला धरली, आणि कात्री चालवली. एकदा, आणि पलीकडून एकदा. नखाएवढा वाकडा कापही गेला नाही. तो तुकडा बटरपेपरमध्ये घडी करून तिने काकीच्या हातावर ठेवला. काकीने तो कमरेच्या पिशवीत खोचला.

"अन् ह्याच्यातलं?" काकीने लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

मी तिच्या समोर फाइल काढून टाकली. लॅपटॉपच्या कचरापेटीतूनही काढली. पाकिटातली प्रिंट तिला दिली. पुढे हे लिहिण्याआधीही मी काकीला विचारलं. लिही, ती म्हणाली, पण नाव टाकू नको कोणाचं.

त्या दिवशी ती गेल्यावर मावशीने तिचा गार चहा मोरीत ओतला आणि कप विसळत उभी राहिली. "लाव फोन," म्हणाली. "तू बोल."

मी स्पीकर लावला. वाक्य लहान होतं. तो फोटो नाही, निगेटिव्हही नाही, ब्लर करायला काही उरलेलं नाही, आणि त्याच्याकडची छोटी प्रतही त्याने पुसून टाकावी. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला की त्याला वाईट वाटतं, पण त्या फोटोशिवाय पूर्ण भिंत त्याला देता येणार नाही. इतर छायाचित्रकारांसोबत एका खोलीत दोन फोटो लावता येतील.

"दोन?" मावशी म्हणाली.

"हो, मावशी. सॉरी."

मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तिने हात पुसले आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"नाव कोनाचं राहीन?"

"तुमचंच. फक्त तुमचं."

"मंग कोनते दोन ते मी सांगीन. उद्या सांगीन, शनिवारच्या आंधी." आणि तिने फोन ठेवला, म्हणजे मला ठेवायला लावला, कारण तिला बटण सापडेना.

नऊ फोटो आमच्याकडे होते. तिने त्यांना हातही लावला नाही. ती डबे खाली काढायला लागली, एकेक, सगळे, दिवाणावर जागा उरेना तोवर. भिंग डोळ्याला लावून पट्ट्या चाळत राहिली. मी चार-पाच वेळा काही सुचवलं, तिने ऐकलं नाही. शेवटी एक पट्टी माझ्यापुढे धरली.

"हे."

मी उजेडात धरली. पिंप रिकामं होतं. बसणारी बाई बहुतेक केस विंचरायला गेली असावी. मागे चादर, दोन्ही टोकांना दोन बायका, हात दुखून आल्यासारख्या वाकलेल्या, आणि एकमेकींना चादरीवरून काहीतरी सांगत असलेल्या.

"यात कोणी नाहीच," मी म्हटलं.

"नाई कसं? दोघी हाय ना. उद्या सकाळी त्यायले विचारून येऊ."

"लोकांना कळणार नाही हा फोटो कशाचा आहे. शेजारी दुसरा तसा लागेल."

"कोनता?"

मी एक सांगितला. तो तिने उडवून लावला. दुसरा सांगितला, तर म्हणाली त्यात उजेड मेलेला आहे. मी म्हटलं, उजेड मेलेला नाही, पावसाचे दिवस आहेत, म्हणूनच बाईच्या चेहऱ्यावर सावली एकसारखी पडली आहे. मावशीने भिंग डोळ्यावरून काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंग असं भांड ना," ती म्हणाली. "सांग, अजून काय हाय त्याच्यात?"

मी दिवाणावरचे डबे जरा सरकवले, बसायला जागा केली, आणि सांगायला लागले.